कोयता, सुई आणि नाईलकाठचे शेतकरी



या पानावर आम्ही दर अंकात बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांवर लिहीत असतो. या वेळी सुरू लागणीच्या खतमात्रेचा विषय पुढच्या अंकावर ढकलून इंजेक्शनच्या सुईवर लिहीत आहोत. ऊस विकास खात्याला सुईचं काय पडलंय, असं काही जण म्हणतील. पण गळीत हंगामात तोडणी मजुरांच्या तळावर आणि गट ऑफिसांच्या आवारात जी आरोग्य शिबिरं भरतात, त्यांची मांडवापासून चहापर्यंतची व्यवस्था आमच्याच शेतकी खात्याकडे असते. तिथं दिवसभर बसलं की बरंच काही नजरेला पडतं. दुसरं असं, की रोग एका धाटातून दुसऱ्या धाटात कसा जातो हे बांधावर उभं राहून सांगण्यात आमची निम्मी नोकरी गेली. माणसातले काही रोग अगदी त्याच वाटेनं जातात, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी उसाचं सांगतो, म्हणजे पुढचं चटकन ध्यानात येईल.

खोडवा खुजट राहण्याचा एक रोग आहे. पुस्तकात त्याला आरएसडी म्हणतात. काणी लांबून ओळखू येते, तिचा चाबूकच शेंड्यातून बाहेर पडतो. गवताळ वाढही नवख्याला कळते. या रोगाचं तसं नाही. पान हिरवं, ऊस सरळ, बेटात काही खोट दिसत नाही. फक्त कांडी आखूड राहते, फुटवा कमी येतो आणि खोडव्याला टनेज बसत नाही. शेतकरी म्हणतो जमीन दमली, पाण्याची पाळी चुकली, जात बिघडली. रोग बसलेला असतो उसाच्या आतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत. हा विषाणूच असावा असं शास्त्रज्ञांनाही पूर्वी वाटे. पुढे तो एक बारीक जिवाणू निघाला. तो वाऱ्यावर उडून जात नाही. जातो तो रोगट बेण्यातून आणि कोयत्याच्या पात्यावरून. रोगट ऊस तोडला की पात्याला रस लागतो. तेच पातं पुढच्या बेटाला, मग त्याच्या पुढच्या बेटाला. कोयता या फडातून त्या फडात गेला की रोगानं बिनभाड्याचा प्रवास केला.

म्हणून मूलभूत बेणं ५४ अंश सेल्सिअसच्या उष्ण बाष्पयुक्त हवेत अडीच तास ठेवतात. अडीच तास म्हणजे अडीच तास. ट्रॅक्टर बाहेर थांबलाय म्हणून दीड तासात काढलं, तर बेणं गरम झालेलं असतं पण रोग मेलेला नसतो. वर 'प्रक्रिया केलेलं बेणं' अशी चिठ्ठी मात्र लागलेली असते, आणि चिठ्ठी बघितली की पुढं कुणी तपासत नाही.

आता आपल्याला इजिप्तला जायचं आहे. ही अर्धवट प्रक्रियेची गोष्ट तिथं माणसांच्या बाबतीत घडली, आणि ती शेतकऱ्यांच्याच बाबतीत घडली.

इजिप्तचा शेतकरी आपल्यासारखाच कालव्यावर जगणारा. वरच्या अंगाला किना, लक्सर, आस्वान या भागांत ऊस होतो. खाली नाईलच्या मुखाकडे कापूस, भात, गहू. पूर्वी नदीला पूर आला की पाणी रानात पसरायचं, ओसरलं की पेरणी व्हायची. १९०२ मध्ये आस्वानला पहिलं धरण झालं, १९७० मध्ये मोठं धरण पुरं झालं, आणि कालवे बारमाही वाहू लागले. बारमाही पाण्याची किंमत सभासदांना आम्ही काय सांगावी! पण त्या संथ, न आटणाऱ्या पाण्यात गोगलगाई माजल्या, आणि त्यांच्याबरोबर बिलहार्झिया नावाचा रोग माजला. थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरला १८५१ साली कैरोमध्ये याचा कृमी सापडला, त्याच्यावरून हे नाव पडलं. कृमीची पिल्लं गोगलगाईतून पाण्यात येतात आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. पाणी धरायला उतरलेला बाप, कपडे धुणारी आई, डुंबणारी पोरं, सगळ्यांना सारखीच लागण. लघवीतून रक्त जातं, अशक्तपणा येतो, पुढे मूत्राशय किंवा यकृत खराब होतं. अब्देल हलीम हाफेज हा सगळ्या अरब मुलखाचा लाडका गायक. लहानपणी कालव्यातून लागलेल्या याच रोगानं तो आयुष्यभर पिडला आणि १९७७ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी गेला.

(जाता जाता सांगायचं तर हा रोग आपल्याला अगदीच परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावी १९५० च्या सुमारास तो आढळला होता. भारतात त्याचं एवढंच एक ठिकाण नावाजलेलं आहे.)

रोगावर औषध होतं. टार्टर एमेटिक नावाचं, अँटिमनी या धातूपासून केलेलं. १९१८ साली खार्तुममध्ये ख्रिस्टोफरसन या डॉक्टरनं ते यशस्वी करून दाखवलं. अडचण अशी की ते पोटातून देता येत नव्हतं, शिरेतून टोचावं लागे; आणि एकदा टोचून भागत नसे. काही आठवडे लागोपाठ दहाबारा टोचण्या घ्याव्या लागत. १९५० नंतर सरकारनं मोठी मोहीम काढली. गावोगाव पथकं गेली. १९६४ ते १९६९ या काळात दरवर्षी सरासरी अडीच लाख माणसांना मिळून वीस लाखांवर टोचण्या दिल्या गेल्या. आकडा डोळ्यांपुढं आणा. गावच्या चावडीसमोर शेतकऱ्यांची रांग, टेबलाशी डॉक्टर, बाजूला उकळत्या पाण्याचं भांडं. हात बसलेला डॉक्टर तासाभरात शेकडो माणसांना टोचून मोकळा होई.

त्या काळी सिरिंज काचेची असे. ती फेकायची नसते, धुऊन उकळून पुन्हा वापरायची असते. आपल्यातल्या जुन्या मंडळींना दवाखान्यातला कंपाउंडर आठवेल, स्टोव्हवर डबा ठेवून सुया उकळणारा. उकळणं हा उपाय खोटा नव्हे. वीस मिनिटं नीट उकळलं तर विषाणू टिकत नाहीत. पण रांगेत पाचशे माणसं आणि हाताशी सिरिंजा मोजक्या, म्हटल्यावर वीस मिनिटं कोण देणार? दोन-चार मिनिटांत सिरिंज बाहेर, आणि पुढच्या दंडात. वर चिठ्ठी होतीच, 'उकळलेली'.

हे कुणी वाईट बुद्धीनं केलं नाही. औषध खरं होतं, मोहीम सरकारी होती, जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन होतं. बिलहार्झियानं माणसं मरत होती, हेही खरं. आणि रांगेतल्या एखाद्या शेतकऱ्याच्या रक्तात दुसराच एक विषाणू असेल, हे त्या टेबलाशी बसलेल्या कुणालाही ठाऊक असणं शक्य नव्हतं, कारण तो विषाणू जगात कुणी ओळखलाच नव्हता. त्याचं नाव हिपॅटायटिस सी. तो सापडला १९८९ साली. तोवर मोहीम संपलीही होती. १९८० नंतर प्राझिक्वांटेल नावाची गोळी आली, ती गिळली की काम झालं. सुईची गरज सरली आणि बिलहार्झिया हटत गेला.

हा विषाणू म्हणजे आपला खोडव्याचा रोग. अंगात शिरला तरी वर काही दिसत नाही. माणूस जेवतो, नांगर धरतो, पोरांची लग्नं लावतो. वीस-वीस, तीस-तीस वर्षं तो यकृत आतून खात राहतो. मग पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते, कुणाला यकृताचा कॅन्सर होतो. तोवर कुठल्या साली, कुठल्या चावडीसमोर सुई घेतली होती, हे कुणाला आठवणार? विषाणू ओळखण्याची चाचणी आल्यावर इजिप्तमध्ये रक्तदात्यांचं रक्त तपासलं तेव्हा दहातल्या एकाहून अधिक जणांत त्याची खूण निघाली. २००८ च्या देशव्यापी पाहणीत १५ ते ५९ वयाच्या लोकांत हे प्रमाण १४.७ टक्के होतं. एवढं प्रमाण जगात दुसरीकडं कुठं नव्हतं. शेतकरी वस्तीच्या नाईलमुखाच्या प्रदेशात, आणि मोहिमेच्या काळात तरुण असलेल्या पिढीत, ते याहून पुष्कळ जास्त. ज्या भागात टोचण्या जास्त झाल्या तिथं लागणही जास्त, हे ताळा मांडून शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलं.

सगळाच दोष मोहिमेचा नव्हता, हेही सांगायला हवं. मोहीम थांबल्यावर लागण थांबायला हवी होती, ती थांबली नाही. एकदा एवढ्या लोकांच्या रक्तात विषाणू बसल्यावर दातांच्या दवाखान्यातली चिमटी, न्हाव्याचा वस्तरा, शेजारच्या बाईनं घरी येऊन दिलेलं इंजेक्शन, रक्ताची बाटली, मिळेल त्या वाटेनं तो पुढं जात राहिला. बेणे मळाच रोगट झाला म्हणजे सगळ्या शिवारात काय होतं ते आपण जाणतो.

इजिप्तनं पुढं जे केलं त्याला मात्र दाद दिली पाहिजे. २००१ पासून दवाखान्यांतल्या स्वच्छतेचा वेगळा कार्यक्रम घेतला. २०१४ मध्ये या रोगावरची नवी गोळी आली. अमेरिकेत तिच्या एका पूर्ण उपचाराची किंमत ८४ हजार डॉलर होती. इजिप्त सरकारनं घासाघीस करून ती ९०० डॉलरच्या घरात आणली, आणि पुढे आपल्याच देशात गोळी बनवून आणखी खाली आणली. ऑक्टोबर २०१८ पासून सात महिन्यांत सुमारे पाच कोटी माणसांची तपासणी केली. ज्यांच्यात खूण सापडली त्यांना बोलावून फुकट औषध दिलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामाबद्दल इजिप्तला 'सुवर्ण' दर्जा दिला. तो मिळवणारा तो पहिला देश. पण मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे गेले ते गेले.

इतकं लांबचं सांगून झालं. आता जवळचं.

गुजरातमधलं मोडासा आपल्यापासून काही फार लांब नाही. २००९ साली तिथं, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यात, हिपॅटायटिस बी या काविळीची साथ आली. साडेचारशेच्या आसपास माणसं आजारी पडली आणि ऐंशीहून अधिक मेली. चौकशीत दिसलं ते हेच, खाजगी दवाखान्यांत एकच सिरिंज अनेकांना वापरलेली. वापरलेल्या सिरिंजा गोळा करून पुन्हा बाजारात आणण्याचा धंदाही त्या वेळी उघडकीस आला. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्याच्या बांगरमऊ भागात २०१८ मध्ये एकाच टापूत एचआयव्हीचे पुष्कळ रुग्ण सापडले, तिथंही बोट असुरक्षित इंजेक्शनांकडेच गेलं. २००२ ते २००४ या काळात आपल्या देशभर एक मोठी पाहणी झाली होती. तिच्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांपैकी साठ टक्क्यांहून जास्त कुठल्या ना कुठल्या कारणानं असुरक्षित निघाली होती. तेव्हापासून सुधारणा पुष्कळ झाली. काचेची सिरिंज गेली, प्लॅस्टिकची आली, लसीकरणात तर एकदा दाबली की दांडा अडकून बसणारी सिरिंज वापरतात, ती पुन्हा भरताच येत नाही. पण सिरिंज स्वस्त झाली म्हणून घाई कमी झाली असं नाही.

काविळीबद्दल आपल्याकडं एक गोंधळ आहे, तो इथंच काढलेला बरा. काविळीचे विषाणू एक नव्हेत. 'ए' आणि 'ई' हे घाण पाण्यातून, दूषित खाण्यातून येतात. २०१२ साली इचलकरंजीत आलेली मोठी साथ 'ई' ची होती, पाण्यातून पसरलेली. त्यात पाणी उकळून प्या हा सल्ला बरोबर. 'बी' आणि 'सी' मात्र रक्तातून जातात. तिथं पाणी उकळून उपयोग नाही, सुई बघावी लागते. ('बी' शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळंतपणात बाळालाही जातो.) डोळे पिवळे झाले की गळ्यात माळ घालायची, नाकात थेंब सोडायचे आणि महिनाभर तेल-तिखट बंद, एवढ्यावर काम भागवलं की 'बी' आणि 'सी' आपले आत सुखानं बसून राहतात. डोळे पुन्हा पांढरे झाले म्हणजे विषाणू गेला असं नव्हे. रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही.

या विषाणूंची चिकाटी बघण्यासारखी आहे. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात, टेबलावर, डब्यावर किमान सात दिवस जिवंत राहतो. डागसुद्धा दिसला पाहिजे असं नाही. रोग्याला टोचलेली सुई चुकून नर्सच्या बोटात घुसली तर काय होतं, याचा एक हिशेब वैद्यक मंडळी सांगतात. लस न घेतलेल्या माणसाला 'बी' लागण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत, 'सी' ची शंभरात सुमारे तीन, आणि एचआयव्हीची हजारात सुमारे तीन. आपण एचआयव्हीला जितकं भितो तितकं 'बी' ला भीत नाही, आणि सुईच्या बाबतीत तोच शंभरपट जोरकस. यावरून हेही कळावं की सुईची काळजी घेतली तर आधी वाचते ती ती नर्स, तो कंपाउंडर, आणि दवाखान्याचा केर काढणारी बाई. टोचून झालेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवताना हाताला लागण्याचे प्रकार फार होतात. म्हणून टोपण बसवायचंच नाही, सुई तिथल्या तिथं कापून न भोसकला जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची, असा नियम आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्या भागात सुईवर लोकांचा फार विश्वास. तापाची गोळी दिली तर "डॉक्टरनं नुसत्या गोळीवर भागवलं" म्हणून माणूस खट्टू होतो. तोडणी मजूर तर म्हणतो, साहेब, सुई मारा, उद्या फडात जायचंय. एक दिवस कोयता खाली ठेवला तर उचल फिटायला एक दिवस वाढतो, तेव्हा त्याचं म्हणणं आम्हाला कळतं. पण साध्या तापाला, अंगदुखीला, अशक्तपणाला बहुतेक वेळा सुईची गरज नसते, हे डॉक्टर मंडळीच सांगतात. तांबडं सलाईन लावून आलेली तरतरी संध्याकाळपर्यंतची असते. कोयता लागून जखम झाली तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंच पाहिजे, कुत्रं चावलं तर त्याची लस चुकवायची नाहीच. जी सुई गरजेची ती घ्यायचीच. जी नको ती मागायची नाही, आणि "गोळीनं भागेल का?" असं तोंडानं विचारायचं. डॉक्टर रागावत नाहीत. निदान चांगले डॉक्टर तरी नाही.

सुई घ्यायचीच ठरली की नजर ठेवायची. पाकीट आपल्यासमोर फुटलं पाहिजे, आधीच फोडून ट्रेमध्ये ओळीनं मांडलेल्या सिरिंजा नकोत. काही ठिकाणी सुई नवी लावतात पण सिरिंज तीच ठेवतात, आणि "सुई बदलली की" म्हणून सांगतात. हे चालत नाही. टोचताना अंगातलं रक्त किंचित का होईना, सुईतून मागं सिरिंजमध्ये येऊ शकतं. डोळ्याला ते दिसत नाही. पातं पुसलं आणि मुठीला रस तसाच ठेवला, असा तो प्रकार. तसंच अनेकांना पुरणारी औषधाची कुपी असते. वापरलेली सुई तिच्यात पुन्हा घातली की कुपीच बाटली, मग पुढच्या प्रत्येकाला नवी सुई देऊनही उपयोग नाही.

साखर तपासणीचं स्वतंत्र सांगावं लागेल, कारण मधुमेह आपल्या सभासदांत भरपूर आहे आणि शिबिरात सगळ्यात लांब रांग तिथंच असते. एका शिबिरात (कुठलं ते सांगत नाही, तपासणीला आलेली मंडळी बाहेरची होती) बोटाला टोचायचं ते पेनासारखं यंत्र रांगेतल्या एकामागून एकाला लागत होतं. आतली टोचणी बदलायला वेळ जातो म्हणून ती दर माणसाला बदलत नव्हते. नव्या टोचण्यांची पुडकी पिशवीत पडून होती, फोडलेलीसुद्धा नव्हती. रांगेत एका मुकादमाची म्हातारी आई होती. तिनं बोट मागं घेतलं आणि विचारलं, "बाबा, ही नवी हाय का त्याचीच?" तपासनीस म्हणाला, आजी, स्पिरिटनं पुसलीय. आजी म्हणाली, "पुसली म्हंजे धुतली नव्हं." रांग थांबली. पिशवीतली पुडकी बाहेर आली. त्या आजींना अक्षर ओळख नाही. खरं तर नुसती टोचणी बदलूनही पुरतं असं नाही, कारण त्या पेनाच्या तोंडालाच रक्त लागलेलं असतं. ते पेन घरी एकट्या माणसानं वापरायचं. शिबिरात एकदाच टोचून आपोआप बंद होणारी सुटी टोचणी मिळते, तीच वापरायला हवी.

आमच्या मनात राहून राहून येतं ते असं. २०२२ साली लम्पीची लस टोचायला पथकं गोठ्यांवर आली, तेव्हा जनावरागणिक सुई बदला म्हणून आपल्यातल्या कितीतरी सभासदांनी आग्रह धरला. एका गोठेवाल्यानं तर पदरचे पैसे घालून सुयांचं खोकं आणून ठेवलं होतं. गायीच्या बाबतीत आपण इतके जागे, आणि स्वतःचा दंड पुढं करताना मान दुसरीकडं फिरवतो! डॉक्टरला कसं विचारायचं, ही भीड. बेण्याची चिठ्ठी विचारताना ही भीड आडवी येत नाही.

आता थोडं लशीचं आणि औषधाचं. हिपॅटायटिस बी ला लस आहे, 'सी' ला अजून नाही. 'बी' चा विषाणू १९६० नंतरच्या दशकात बारूख ब्लूमबर्ग यांनी शोधला, त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. 'सी' च्या संशोधकांना नोबेल मिळायला २०२० उजाडावं लागलं. लशीची पहिली मात्रा बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत द्यायची असते, हे घरात बाळंतपण असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. कारण मोठ्या माणसाला 'बी' झाला तर बहुतेकांचं अंग तो स्वतःच झटकून टाकतं. नवजात बाळाला झाला तर दहापैकी नऊ बाळांत तो जन्माचा मुक्काम करतो. पुढच्या मात्रा दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पंचगुणी लशीत येतात. सरकारी दवाखान्यात हे सगळं मोफत आहे. तोडणी मजुरांची बाळंतपणं पुष्कळदा तळावर किंवा वाटेत होतात आणि ही पहिली मात्रा तिथंच हुकते. गटाच्या शेतकी मदतनिसांना आणि मुकादमांना आम्ही सांगून ठेवलं आहे, की बाळ झाल्याचं कळताच त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन गेला पाहिजे.

'सी' ला लस नसली तरी गोळ्या आहेत. बहुतेकांना बारा आठवडे रोज घ्याव्या लागतात आणि शंभरातले नव्वदहून अधिक रोगी पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारनं राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात 'बी' आणि 'सी' ची तपासणी आणि औषध मोफत आहे. ज्यांना पूर्वी कधी रक्त चढवलं आहे, डायलिसिस चालू आहे, जत्रेत सुईनं गोंदवून घेतलं आहे, किंवा गावात पिशवी घेऊन फिरणाऱ्याकडून वर्षानुवर्षं सुया घेतल्या आहेत, त्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावं. अंगाला काही होत नाही म्हणून थांबू नये. खुजट खोडव्याचं वर सांगितलंच आहे.

वापरलेली सुई उकिरड्यावर जाते त्याचं काय, असं एका सभासदानं विचारलं होतं. आपले बरेच जण उकिरड्याचं खत रानात घालतात आणि मजूर त्यात उघड्या हातापायांनी काम करतात, तेव्हा प्रश्न रास्त आहे. दवाखान्यातला कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे वेगळ्या रंगांच्या पिशव्यांतून ठरलेल्या संस्थेकडं जातो, गावच्या उकिरड्यावर तो येताच कामा नये. घरी इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवाव्यात आणि डबा भरला की आरोग्य केंद्रात नेऊन द्यावा. रानात काम करताना सुई टोचलीच, तर जखम साबणपाण्यानं धुवावी, चोखू नये, पिळून रक्त काढत बसू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध पहिल्या काही तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही.

येत्या हंगामातल्या शिबिरांसाठी आमच्या खात्यानं तपासणीला येणाऱ्या मंडळींकडून आधीच लेखी घेतलं आहे, की साखरेसाठी एकदाच वापरायच्या टोचण्या येतील, माणसांच्या अंदाजापेक्षा शंभर जास्त येतील, आणि सुया कापायचं यंत्र व डबा टेबलावर दिसेल असा ठेवला जाईल. रांग लांबली तर लांबू द्या, चहाची सोय दुपारीही ठेवली आहे. प्रत्येक टेबलाशी आमचा एक चिटबॉय बसेल. टोचणी न बदलता पुढचं बोट घेतलं तर त्यानं रांग थांबवायची, मग समोर कुणीही साहेब असो, असं त्याला सांगितलं आहे. शिबिरांच्या तारखा गट ऑफिसच्या फळ्यावर लागतील. येताना जुने रिपोर्ट असतील ते आणावेत, आणि साखर तपासायची असेल तर उपाशीपोटी यावं.